चोवीसचा पाना

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सहालाच सरपंचांचा फोन आला. विहिरीवरच्या पंपाचं पॅकिंग फुटलेलं, टाकी रिकामी, बायका हंडे घेऊन उभ्या. काम तसं तासाभराचं. चार इंची पाइपाचा फ्लँज, म्हणजे पॅकिंग दाबून धरणारी जोडाची चकती, तिला सोळा एमएमचे आठ बोल्ट. त्यांची डोकी आणि नट चोवीस एमएमचे, म्हणजे दोन्हीकडून चोवीसचाच पाना.

एक चोवीस आमच्या वस्तादांचा, काळा पडलेला. तो पोराच्या हातात दिला, बोल्टचं डोकं धरायला. नटावर मी माझा नवा लावला. महिन्यापूर्वीच आठ पान्यांचा संच घेतला होता. चकचकीत, दांड्यावर ठसठशीत ‘क्रोम व्हॅनेडियम’, म्हणजे टणक पोलादाचा ठसा. वळणाच्या पाइपामुळे नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना बसत नव्हता, म्हणून उघड्या तोंडाचा.

पाच नट सुटले. सहावा गंजून धरलेला. जोर लावला तसा पाना नटावरून फिरला आणि बोटं थेट फ्लँजच्या कडेवर! रक्त पुसून पाहतो, तर नटाचे कोपरे गेलेले आणि पान्याचं तोंड फाकलेलं. दांड्याला पाइप घालून ताणला असता तर चूक माझी. नुसत्या हाताने फाकला. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. तिथे जरा सैल पडला की सगळा भार कोपऱ्यांवर जातो.

नट हेक्सॉने कापला. दोन पात्यांचे दात गेले, ती पातीही नवीच होती. उरलेल्या दोघांना बाजू बदलून घेतलं. वस्तादांचा नटावर, नवा डोक्यावर. सुटले. पाणी चढायला अकरा वाजले.

घरी माप घ्यायला व्हर्नियर लावला. नव्याचं तोंड पावणेपंचवीस, जुन्याचं चोवीसच्या जरासं वर. कानस फिरवली, तर नव्याची भुकटी पडली, जुन्यावर जेमतेम चरा उठला. ठसा काहीही मारता येतो, पोलादाला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-विझवून ते कडक केलंय का, ते कानसच सांगते. जुनं सगळं सोनं होतं असंही नाही हं. वस्तादांच्या काळातले भिकार पाने कधीच भंगारात गेले, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

पाना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “मिस्त्री, त्या दिवशी एका चांगल्या पान्याच्या पैशात आठ मागितलेत ना तुम्ही?”

एकच चोवीस घेतला. बाकीचे सात अजून पेटीत आहेत, बारीक कामाला.