एक आणि दोन नंबरची लेन

आमचं अम्युझमेंट पार्क १० वाजता उघडतं, पण गेटवर आम्हा सिक्युरिटीवाल्यांचा दिवस ८ वाजताच सुरू होतो, टेस्ट पीसपासून. टेस्ट पीस म्हणजे ठरावीक मापाचा धातूचा तुकडा. तो कधी घोट्याजवळ, कधी कमरेला, कधी काखेत, कधी डोक्याजवळ धरून एकाने प्रत्येक मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून चालत जायचं. दर वेळी मशीन वाजलं पाहिजे आणि खांबावरच्या दिव्यांपैकी नेमका त्या उंचीचा दिवा लागला पाहिजे. मग खिसे रिकामे करून पुन्हा जायचं. आता मशीनने गप्प बसायचं. आठ लेन, आठ चौकटी, वहीत सह्या. त्या दिवशीही आठही चौकटी पास झाल्या होत्या. हे आधीच सांगतो, कारण पुढे याच सह्यांवरून बराच आरडाओरडा झाला.

सुट्ट्यांचा आठवडा होता. ऑनलाइन बुकिंगवरून सकाळच्या वेळी तासाला तीनेक हजार लोक येतील असा अंदाज होता. एवढं आम्हाला पेलतं. कसं पेलतं तो हिशेब सांगायलाच हवा. ज्याच्यावर मशीन वाजत नाही तो माणूस साधारण ५ सेकंदांत पार होतो. ज्याच्यावर वाजतं त्याला थांबवायचं, "दादा, खिशात काय आहे?" विचारायचं, तो "काही नाही" म्हणणार, हातातला डिटेक्टर फिरवला की मागच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघणार, मग त्याला परत चौकटीतून पाठवायचं. यात ४० सेकंद सहज जातात आणि तोवर लेन अडते. दहांतल्या एकावर वाजलं तर सरासरी माणशी साडेआठ सेकंद पडतात, म्हणजे एका लेनमधून मिनिटाला ७ माणसं. आठ लेनच्या ५६. तासाला ३,३०० च्या वर. दहांतल्या चारांवर वाजायला लागलं, तर तीच सरासरी १९ सेकंदांवर जाते आणि मिनिटाला जेमतेम ३ माणसं सुटतात. मशीन तेच, गार्ड तेच, रांगेतली माणसंही तशीच, आणि लेन निम्म्याहून खाली.

लोकांना वाटतं उशीर बॅगांच्या एक्स-रेमुळे होतो. तसं फारसं नसतं. पट्टा एका गतीने सरकत असतो आणि स्क्रीनवरच्या रंगांना डोळा सरावलेला असतो: कपडे, कागद, प्लास्टिक नारिंगी, धातू निळा, मधलं काही असलं की हिरवं. वेळ जातो तो माणसांवर वाजणाऱ्या मशीनमुळे आणि चौकटीच्या पलीकडच्या चार पावलांत. तिथे लोक बेल्ट चढवत उभे राहतात. बाया आणि पुरुष वेगळ्या गार्डकडे तपासले जातात, त्यामुळे कुटुंब दुभंगतं आणि एकमेकांची वाट बघत तिथेच थबकतं. सहाजणांची तिकिटं एकाच फोनमध्ये, आणि तो फोन ज्याच्याकडे, नेमका तोच बाजूला काढलेला. उरलेले पाच टर्नस्टाइलपाशी, म्हणजे तिकीट दाखवल्यावर एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी, माना वळवून मागे बघतायत.

१० वाजून २० मिनिटांनी वॉकी-टॉकीवर पहिली तक्रार आली. पाच नंबरची लेन अडलीय. मग सात, मग तीन. पाच नंबरवर गेलो तर दर दुसऱ्या माणसावर मशीन ओरडत होतं. एका काकांनी बेल्ट काढला, घड्याळ काढलं, चष्मा काढला, बूट काढले; मग वैतागून म्हणाले, "आता काय दात काढून ठेवू?" हातातला डिटेक्टर फिरवला तर अंगावर काहीच नाही. ही चौकट आत जाणाऱ्यांचा आणि वाजलेल्यांचा आकडा स्वतःच मोजते. मागच्या बाजूला बघितलं: जवळपास निम्म्या माणसांवर अलार्म.

एक आणि दोन नंबरच्या लेन मात्र सुरळीत चालल्या होत्या. तीन ते आठ कोंडलेल्या. हेच दृश्य बघून दोन साहेबांनी दोन अर्थ काढले. ऑपरेशन्सचे मॅनेजर म्हणाले, "एक-दोनवरची पोरं बघा, कशी काम करतायत! बाकीचे झोपलेत का?" पाठोपाठ आमचे सिक्युरिटी हेड आले, ते म्हणाले, "एक-दोनवर तपासणीच होत नाहीये. नाहीतर दोनच लेन एवढ्या पळतील कशा?" आणि त्या दोन लेनच्या गार्डना तिथल्या तिथे मेमो देण्याचं फर्मान सुटलं. त्या दोघांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकाच मिनिटात शाबासकीही मिळाली आणि मेमोही.

तोवर रांग पार्किंगपर्यंत पोचली होती. मॅनेजरांनी मला बाजूला घेतलं. "बॅगा तेवढ्या बघा, माणसं सोडा. नाहीतर मशीनची सेन्सिटिव्हिटी कमी करा. अर्ध्या तासासाठी." मी नाही म्हणालो. नियमावर बोट ठेवून मिरवायची हौस मला नाही. पण सेन्सिटिव्हिटी कमी केली की मशीनला काय दिसत नाही हे कळायला पुन्हा सगळी टेस्ट करावी लागते, आणि 'अर्धा तास' हा संध्याकाळपर्यंत चालतो. डिस्ने आणि युनिव्हर्सलसारख्या पार्कांनी अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये प्रवेशद्वारावर मेटल डिटेक्टर आणले ते काही लोकांना ताटकळत ठेवण्याच्या आवडीने नाही.

मॅनेजरांचं म्हणणं सगळं चुकीचंही नव्हतं. तपासणीच्या अलीकडे अडकलेली गर्दी ही स्वतःच धोका असते, कारण ती न तपासलेली असते आणि दाटीवाटीने एका जागी उभी असते. २२ मे २०१७ ला इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरिनामध्ये स्फोट झाला तो सभागृहात नाही, बाहेरच्या फॉयरमध्ये, म्हणजे येण्याजाण्याच्या दालनात, लोक कार्यक्रम संपवून निघत असताना. २२ जण गेले. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात. तरी 'सुरक्षा की वेग' असा वाद घालायची आमच्याकडे सवयच पडलेली आहे. रांग वेगाने सरकणं हाही सुरक्षेचाच भाग आहे, असं माझं मत त्या दिवसाच्या आधीही होतं. म्हणून मला गेट मोकळं सोडायचं नव्हतं आणि रांग तशीच उभी ठेवायचीही नव्हती. अलार्म खोटे का येतायत हे शोधायचं होतं.

फोनवरून मशीनच्या इंजिनिअरने नेहमीचे प्रश्न विचारले. शेजारी मोटर चालू आहे का? नाही. दोन चौकटी एकमेकींच्या फ्रिक्वेन्सीवर आल्यात का? आल्या असत्या तर सकाळीच वाजल्या असत्या. "मग गर्दीच्याच अंगावर धातू असेल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सहा नंबरवर एक ताई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. ताईंवर वाजलं म्हणून तिथल्या महिला गार्डने त्यांना बाजूला घेतलं आणि मुलाला एकट्यालाच चौकटीतून यायला सांगितलं. इलॅस्टिकची चड्डी, टी-शर्ट, रबरी सँडल. पोरगं ऐटीत चालत आलं आणि मशीन वाजलं. गार्ड खाली वाकून त्याचे खिसे चाचपायला लागली. मी मात्र खांबाकडे बघत होतो. मुलाचं डोकं माझ्या कमरेला लागत होतं, आणि लाल दिवा लागला होता माझ्या खांद्याच्या उंचीवर.

"बाळा, परत ये रे एकदा," मी म्हणालो. त्याला हा खेळच वाटला. पुन्हा आलं, पुन्हा वाजलं, पुन्हा तोच दिवा. तिसऱ्यांदा आलं तेव्हा वाजलं नाही, तर बिचारं हिरमुसलं. त्या उंचीला हवेशिवाय काही नव्हतं. म्हणजे धातू चौकटीच्या आत नव्हताच, बाहेर होता. डावीकडे बघितलं. पाच आणि सहा नंबरच्या मध्ये लोखंडी बॅरिकेड, बॅरिकेडला जखडलेला एक पाइप आणि पाइपला खांद्याच्या उंचीवर तारेने टांगलेला पत्र्याचा बोर्ड, चौकटीच्या खांबापासून वीतभर अंतरावर. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'बेल्ट, किल्ल्या, नाणी ट्रेमध्ये ठेवा. वेळ वाचवा.'

बोर्ड आदल्या रात्री लागले होते. लोकांना आधीच सूचना मिळाली तर तपासणी लवकर होईल, या चांगल्या हेतूनेच. तीन-चारच्या मध्ये एक, पाच-सहाच्या मध्ये एक, सात-आठच्या मध्ये एक. एक आणि दोन नंबरच्या लेन भिंतीकडच्या, म्हणून त्यांचा बोर्ड भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेला.

मी खिसे रिकामे केले, बेल्ट काढला आणि गार्डला सांगितलं, बॅरिकेड हलव. चौकटीतून गेलो, वाजलं. आता हलवू नको. गेलो, गप्प. पुन्हा हलव. वाजलं.

या चौकटीच्या खांबांत कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. त्या सतत चुंबकीय स्पंद सोडतात. धातू जवळ आला की त्यात क्षणभर वीज फिरते, त्या विजेचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मशीन ते टिपतं. शेजारी स्थिर उभं असलेलं लोखंड मशीन हिशेबात धरून सोडून देऊ शकतं. हलणारा पत्रा मात्र त्याला आत्ता आत शिरलेल्या माणसाच्याच अंगावरचा वाटतो. सकाळी ८ वाजता बॅरिकेडवर कोणी रेललेलं नव्हतं, म्हणून टेस्टमध्ये सगळं ठीक आलं. गर्दी झाली, लोक रेलले, बोर्ड डुलायला लागले, मशीन वाजायला लागली, लेन थांबल्या, मागची गर्दी वाढली, आणखी लोक रेलले. वेळ वाचवायचा बोर्ड रांग वाढवत होता, आणि जितकी रांग वाढत होती तितका जोरात हलत होता.

पक्कडने तारा तोडायला काही मिनिटंच लागली. बॅरिकेड चौकटींपासून हातभर मागे घेतले. त्यानंतर सहाही चौकटींची पुन्हा टेस्ट घ्यायला लावली, आणि इथे मॅनेजरांचा संयम सुटला. "सापडलं ना कारण? मग आता कशाला?" शेजारचं लोखंड हललं की मशीनचा सगळा अंदाज हलतो, म्हणून. दर लेनला दोन-तीन मिनिटं गेली आणि रांगेतून शिट्ट्या ऐकू आल्या. त्या मी ऐकून घेतल्या.

खरी गंमत पुढे आहे. कारण सापडलं म्हणून रांग संपत नाही. दीड तासात बाहेर दीडेक हजार माणसं साचली होती. आठही लेन पूर्ण जोरात चालल्या तरी मिनिटाला ५६ सुटणार, आणि मागून ५० येतच होते. म्हणजे साचलेल्या गर्दीतून मिनिटाला सहाच कमी होणार. त्या गतीने ती फेडायला चार तास लागले असते! दीड तासाचं दुखणं आणि चार तासांचा उपचार. साहेबांना हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले आणि म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांगा."

दोन लेन बिनबॅगवाल्यांना दिल्या. ट्रे घेऊन तीन गार्ड रांगेत मागे पाठवले. ते प्रत्येकाला सांगत होते की खिशातलं सगळं आत्ताच बॅगेत टाका, फक्त तिकिटाचा फोन हातात ठेवा. बाबागाड्या आणि व्हीलचेअर बाजूच्या गेटने घेतल्या, पेसमेकरवाल्यांनाही तिथेच हाताने तपासलं. आणि मी स्पीकरवरून खरं ते सांगितलं: मशीनच्या अडचणीमुळे उशीर झाला, अडचण सुटली आहे, शेवटच्या माणसाला अजून अर्धा-पाऊण तास लागेल. 'थोड्याच वेळात' असं म्हणायचं नाही हे मी फार पूर्वी ठरवलंय. आकडा सांगितला की माणूस चिडतो, पण उभा राहतो. कोणी सावलीत जाऊन बसतं, कोणी मुलांना पाणी पाजून आणतं. नुसतं 'थोडा वेळ' म्हटलं की पाच मिनिटांनी तोच माणूस गार्डच्या अंगावर येतो. दुपारी येणाऱ्यांचा ओघ ओसरला, आणि एकच्या सुमारास रांग पुन्हा बॅरिकेडच्या आत आली.

खिसे रिकामे न करता चालत जायची नवी स्कॅनर घ्यावीत, अशी मागणी त्याच संध्याकाळच्या मीटिंगमध्ये झाली. ती स्कॅनर खरोखर वेगवान आहेत. पण ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका कंपनीवर, शस्त्र ओळखण्याबद्दल फुगवून दावे केल्याचा ठपका ठेवला होता, तेही मी मीटिंगमध्ये मांडलं. तूर्त बोर्ड कापडी झाले, बॅरिकेडच्या जागा जमिनीवर पिवळ्या रंगाने आखल्या, आणि सकाळच्या टेस्टमध्ये एक गोष्ट वाढली: एकजण चौकटीतून चालत असताना दुसऱ्याने बॅरिकेड हलवायचं.

रिपोर्टमध्ये 'मशीनमध्ये बिघाड' लिहा, असं मला सुचवण्यात आलं होतं. मी बोर्डाचा फोटो जोडला आणि जे घडलं ते लिहिलं. एक आणि दोन नंबरच्या गार्डचे मेमो रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज दिला, तो बरेच दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी एचआरमधल्या मॅडमनी खरी अडचण सांगितली: मेमो द्यायचा छापील फॉर्म त्यांच्याकडे आहे, मागे घ्यायचा नाही. तो आम्ही दोघांनी बसून तयार केला.