गोरज मुहूर्त, ६ वाजून २५ मिनिटं

आंतरशालेय इतिहास प्रकल्प स्पर्धेचं पत्रक मी सकाळी फळ्याशेजारी लावलं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत माझ्या नावावर तीन रायगड आणि एक प्रतापगड जमा झाले. दरवर्षी असंच होतं. नववीला इतिहास शिकवून मला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पुठ्ठ्याचे इतके बुरूज पाहिलेत की कुठला आमचा आणि कुठला गेल्या वर्षीचा झाडून-पुसून आणलेला, हे लांबून सांगू शकते.

शाळा सुटताना दोघीजणी आल्या. एक चष्मेवाली, सतत प्रश्न विचारणारी. दुसरी तिच्या मागे उभी राहून मान डोलावणारी. चष्मेवालीच्या वहीत तिच्या पणजीच्या लग्नाची पत्रिका होती. पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटलेला, वर गणपती. वैशाख वद्य, शके १८५३. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे हे तिला माहीत होतं, म्हणजे १९३१. त्याखाली लिहिलेलं: गोरज मुहूर्त, ६ वा. २५ मि. (मुं. टा.)

"बाई, हे चुकलंय ना? मे महिन्यात साडेसहाला आम्ही खाली खेळत असतो. चांगलं ऊन असतं. गाई घरी यायची वेळ कशी होईल?"

गाई तिने फक्त पुस्तकातच घरी येताना पाहिल्या असतील, पण शंका बिनतोड होती. 'मुं. टा.' म्हणजे काय, यावर मान डोलावणारीने 'मुंबईची टाकी' असा अंदाज मांडला आणि स्वतःच हसली. मला उत्तर ठाऊक होतं, पण सांगितलं नाही. भूगोलाचं पुस्तक काढायला लावलं.

हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. मुंबईचं रेखावृत्त साधारण ७२ अंश ५० मिनिटं पूर्व, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. आपली आजची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, ५ तास ३० मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा. सहा पंचवीसमध्ये एकोणचाळीस मिळवले की सात वाजून चार मिनिटं. चष्मेवालीने वर्गातल्या भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटून मे महिन्यातला सूर्यास्त बघितला. सात वाजून तीन-चार मिनिटं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा सूर्य मीच मावळवला होता.

'मुं. टा.' म्हणजे मुंबई टाइम. मुंबईला स्वतःची वेळ होती, ही गोष्ट आता फारच थोड्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या वेळा वेगळ्या असायच्या. आगगाड्यांना ते चालेना म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासूनची वेधशाळा होती आणि ते शहर मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधल्या रेखावृत्तावर पडतं. त्यामुळे मुंबईच्या स्टेशनातलं घड्याळ गावातल्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. मद्रासची वेळ अख्ख्या शहराला लावायचा प्रयत्न गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये करून पाहिला, पण मुंबईकरांनी तो टिकू दिला नाही. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली. तरीही महापालिकेची घड्याळं पुढे कित्येक वर्षं मुंबई टाइमच दाखवत राहिली, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही तो पुरता गेलेला नव्हता.

मुलींनी पहिलं टिपण आणलं ते निव्वळ भाषण होतं. 'इंग्रजांचा कुटिल डाव', 'घड्याळावरही गुलामगिरी', वगैरे. राग खोटा नव्हता. वंगभंग ऑक्टोबर १९०५ चा आणि लगेच जानेवारीत हे घड्याळाचं प्रकरण, तेव्हा लोक तापलेले असणारच. पण मी विचारलं, घड्याळ पुढे गेलं तर नक्की कुणाचं काय जातं? दोन दिवसांनी मान डोलावणारी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. तिचे आजोबा गिरणीत होते. ती म्हणाली, "बाई, भोंगा नव्या वेळेवर वाजला तर कामगाराला एकोणचाळीस मिनिटं आधी उठावं लागणार. अंधारात." जानेवारी १९०६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध खरोखरच काम थांबवलं होतं. हे मी तिला नंतर दाखवलं. तिने ते आधीच काढलं होतं, नुसतं भोंग्यावरून.

तीन शनिवार आम्ही एका जुन्या ग्रंथालयात घालवले. पहिले दोन वाया गेले. बांधीव अंकांची पानं हात लावताच कडेने तुटत होती आणि आम्ही तिघी श्वास रोखून पानं उलटत होतो. तिसऱ्या शनिवारी जाहिराती सापडल्या. काहींत वेळेपुढे कंसात 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, आजची प्रमाणवेळ; काहींत 'मुं. टा.' एकाच पानावर दोन्ही! ग्रंथपालांनी ओरडू नका म्हणून सांगितलं, ते योग्यच होतं.

मग घोळ झाला. चष्मेवालीच्या बाबांनी कौतुकाने पत्रिका लॅमिनेट करून आणली. मूळ पत्रिका! माझ्या पोटात गोळा आला. तो चिकटलेला प्लॅस्टिकचा थर आता कागदाला धक्का न लावता काढता येत नाही आणि गरम रुळाखालून जुना कागद गेला तो गेलाच. बाबा उत्साहाने सांगत होते, "आता शंभर वर्षं काही होत नाही बघा." काय बोलणार? चूक माझी होती. मूळ कागद घरीच ठेवा, आम्हाला फोटो पुरेत, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

सादरीकरणाला आठ मिनिटं. मुलींनी पुठ्ठ्याची तीन घड्याळं केली होती: मुंबई, मद्रास, स्टँडर्ड. त्यातल्या मद्रासचा तास काटा ऐनवेळी निखळला आणि चष्मेवालीने तो बोटाने धरून उरलेली पाच मिनिटं बोलली. तालमीत हे बसवलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं.

परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी पत्रिका हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही लॅमिनेट कुणी केली?"

"बाबांनी, सर. चूक झाली. पण त्याआधी आम्ही दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते."

"बरं. छापखान्याची चूक नसेल कशावरून?"

मी मागच्या बाकावर बसले होते आणि हाताला घाम सुटला होता. उत्तर मान डोलावणारीने दिलं. "एकच पत्रिका असती तर तसं म्हणता आलं असतं, सर. पण जाहिरातींतही मुं. टा. आहे. आणि एकोणचाळीस मिनिटं मिळवली की बरोबर सूर्यास्त येतो. छापखान्याची चूक इतकी नेमकी सूर्यावर पडत नाही."

उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर रायगडाला. होळीचा माळ होता, बाजारपेठ होती, बटण दाबलं की दिवे लागत होते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी जरा कमी वाजवल्या, कबूल करते.

परवा रात्री साडेदहाला चष्मेवालीच्या आईच्या फोनवरून निरोप आला. आजीच्या ट्रंकेत आणखी एक पत्रिका सापडली होती, चुलतआजोबांच्या लग्नाची, मे १९४४ ची. या वेळी प्लॅस्टिक नव्हतं, कागदाखाली स्वच्छ पंचा अंथरून फोटो काढला होता. गोरज मुहूर्त ८ वा. ३ मि. (न. टा.)

खाली तिने लिहिलं होतं: "बाई, आता घड्याळ उलट्या बाजूला एक तास चुकलंय. सूर्य सातलाच मावळतो. 'न' म्हणजे नवा असेल का? १९४४ ला काय चाललं होतं?"

सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या लढाईच्या काळात देशभरची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. मी एवढंच उत्तर पाठवलं: "पुस्तकात धडा आहे. शोध. आणि झोप आता."