पापणी लवायची आठवण

सोमवार, रात्री

एप्रिल निम्मा सरला. दुपारी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघवत नाही, सगळं पांढरं फटक. आत स्क्रीनवर टॉवेलची किनार. ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा जिथे भेटतात तिथे एक चौकोन, असे हजारो चौकोन. मोठं करून चौकोन भरायचे, लहान करून अख्खी नक्षी बघायची, की पुन्हा मोठं. पाच वाजायच्या सुमाराला चौकोन एकमेकांत मिसळायला लागतात. डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं आणि घरी येताना रिक्षातून दुकानांच्या पाट्या थोडा वेळ धूसरच दिसतात.

आमच्याकडे जुने मास्तर अधूनमधून गप्पा मारायला येतात. त्यांनी चादरींच्या नक्ष्या ग्राफपेपरवर काढल्या आणि त्यावरून जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पाडून घेतली. तेही चौकोनच, तेही बारीक. पण पेन्सिलीला टोक करायला उठावं लागे, रंग वाळेपर्यंत थांबावं लागे, मागावर जाऊन कारागिराला विचारून यावं लागे. आणि वीज तर जायचीच! तेव्हा भारनियमनाला सगळे शिव्या घालायचे, पण डोळ्यांना सुट्टी मिळायची हे नक्की. आता मला जागेवरून उठवणारं काहीच उरलं नाही. यूपीएससुद्धा आहे.

मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जवळचा नंबर लागलाय. चाळिशी ओलांडली, म्हणजे लागायचाच होता. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं आणि जवळचं बघायला पुरेसा फुगवटा धरत नाही. त्यावर गाजर खाऊन उपाय नाही, चष्माच लागतो. तोही स्क्रीनच्या अंतराचा. पुस्तक आपण हातभर अंतराच्या आत धरतो आणि स्क्रीन त्याच्या पलीकडे असते, म्हणून फक्त वाचायचा चष्मा लावून काम केलं तर मान पुढे काढून बसावं लागतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "स्क्रीन किती लांब असते?" मी खुर्चीवर बसल्या बसल्या हात पुढे करून दाखवला, त्यांनी चक्क टेप काढून मोजलं.

पण चुरचुरीचं कारण नंबर नव्हे. डोळ्यात पिवळा रंग टाकून त्यांनी निळ्या उजेडात बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची पापणी लवते का?" मला हसूच आलं. मग त्यांनी समजावलं. गप्पा मारताना माणसाची पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावून बसलं की हे प्रमाण निम्म्यावर येतं, त्याहूनही खाली जातं. आणि जी लवते तीही अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पापणी पूर्ण मिटली की त्यातलं तेल अश्रूंच्या पाण्यावर पातळ थर धरतं. तो थर नसला तर पाणी उडून जातं. त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि वर टेबलाशेजारी कूलर, वारा थेट तोंडावर.

म्हणजे माझे डोळे कोरडे आहेत. मी तर उलट समजत होते, कारण संध्याकाळी ते सारखे पाझरतात. डॉक्टर म्हणाले, पाझरतात ते कोरडे पडतात म्हणूनच. पृष्ठभागाला टोचलं की डोळा भसाभस पाणी सोडतो, पण त्या पाण्याने थर नीट बनत नाही.

थेंब लिहून दिलेत, नुसते कृत्रिम अश्रूंचे. लाली घालवणारे थेंब मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका म्हणाले. त्यातल्या काहींनी थोडा वेळ डोळा पांढरा दिसतो आणि औषध थांबवलं की लाली जास्तच येते. स्टेरॉइडचे थेंब तर त्याहून वाईट, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्याच्या काचांबद्दल मीच विचारलं. दुकानदार त्यासाठी जास्तीचे पैसे मागत होता. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. घरी आल्यावर वाचलं, तर २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेने या काचांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या आणि स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असं काही दिसलं नव्हतं. पैसे वाचले. त्यात आंब्याची पेटी येणार नाही, पण डझनभर तरी येतील.

बुधवार

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुलाबपाणी घाल की गं दोन थेंब, गार वाटतं." मग एरंडेल. मग मध. तिने वर्षानुवर्षं विड्या वळल्या. तंबाखूच्या धुरळ्याने डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा बायका एकमेकींना हेच उपाय सांगायच्या. तेव्हा डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला होता? रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे मान वर करायची सोय नाही. तिचं नि माझं काम तसं एकाच जातीचं, फक्त माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट आहे.

भांडले नाही तिच्याशी. पण बाटलीतलं गुलाबपाणी डोळ्यांत घालायच्या लायकीचं निर्जंतुक नसतं, मध आणि एरंडेलाचंही तेच, हे सांगितलं. तिला एक उपाय मात्र मनापासून पटला, तो डॉक्टरांचाच. स्वच्छ नॅपकिन सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, गार झाला की पुन्हा भिजवायचा. त्याने पापणीच्या कडेचं घट्ट झालेलं तेल सैल होतं. "हे शेकणं झालं," आई म्हणाली, आणि लगेच कपाटातून नवाकोरा टर्किश नॅपकिन काढला. आपल्याच कारखान्याचा, किनारीची नक्षी माझी. फटकन ओला केला. टर्किशच्या फाशांमध्ये पाणी धरून राहतं, ऊब टिकते. साध्या रुमालाचं हे काम नाही.

शुक्रवार

कूलर फिरवून घेतला. टेबलही. आधी खिडकी पाठीमागे होती, तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडायचं. आता खिडकी डाव्या हाताला. स्क्रीन थोडी खाली घेतली, म्हणजे नजर किंचित उतरती राहते आणि डोळा कमी उघडा पडतो. हे सगळं अर्ध्या तासात झालं.

वीस-वीस-वीस मात्र जड जातंय. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरचं काहीतरी, वीस सेकंद बघायचं. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आकसलेला राहतो, लांब बघितलं की सैलावतो. साधी गोष्ट. पण किनार ऐन रंगात आली असताना मोबाइल वाजतो आणि मी तो दाबून टाकते. शेवटी ऑपरेटर पोराला सांगितलं की मागाच्या शेडमधून नमुना दाखवायचा तर माझ्याकडे आणायचा नाही, मीच येईन. त्याला वाटलं मी रागावले. दुसऱ्याला म्हणत होता, "मॅडमला काय झालंय बे?"

रविवार

लक्ष्मी मंडई. या दिवसांत पालेभाजी बघवत नाही, सकाळी दहाला माना टाकून पडलेली असते. तरी तांदुळजा बरा मिळाला आणि शेवग्याचा पाला मिळाला. पाला तर शेजारणीच्या झाडाचा फुकट मिळाला असता म्हणा. गाजरं आता लाकूड झालीत, ती हिवाळ्यातच खावीत. एप्रिलमध्ये गाजराचं काम आंबा आणि पपई करतात. तांबडा भोपळाही. केशरी फळांतलं आणि हिरव्या पाल्यातलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो. लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात तो यासाठीच. पण पोटभर जेवणाऱ्या माझ्यासारखीच्या डोळ्यांना दुप्पट आंबे खाऊन दुप्पट दिसणार नाही. आंबे मी खाणारच, कारण वेगळं आहे.

हे कॅरोटीन तेलाबरोबर अंगी लागतं. उकडून पिळलेल्या बेचव भाजीपेक्षा लसूण-मिरचीच्या फोडणीचा तांदुळजा आणि वर शेंगाचटणी, हे आपलं सोलापुरी ताट त्या हिशेबाने बरं. भाकरी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची. पण पांढऱ्या ज्वारीत कॅरोटीन फारसं नसतं, तेव्हा भाकरी-चटणीवर भागवायचं नाही, पाला हवाच. पाल्यात ल्युटीनही असतं, ते डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागात साठतं. अंड्याच्या बलकातही असतं. मेडिकलवाले त्याच्या गोळ्या सर्रास देतात. त्या गोळ्यांचा २०१३ साली छापून आलेला मोठा अमेरिकन अभ्यास पडद्याची झीज झालेल्या वयस्क लोकांवर होता, स्क्रीनसमोर थकलेल्यांवर नव्हे.

जवसाचंही तसंच. ओमेगा-३ कोरड्या डोळ्यांना चांगलं म्हणून मी हौसेने जवस भाजायला घेतले होते. पण माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची मोठी चाचणी २०१८ साली झाली, त्यात वर्षभर कॅप्सूल घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. चटणी कुटली तरीही. भाकरीबरोबर छान लागते, एवढं कारण पुरे.

संध्याकाळी आई ओसरीवर बसली होती. तिला साखरेचा त्रास आहे, पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी आणि यंदाची राहिलीय. तिला नीट दिसतं म्हणून ती टाळते. पण मधुमेहात पडदा बिघडायला लागला तरी सुरुवातीला दिसण्यात फरक पडत नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. मंगळवारची वेळ घेतली. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, काही तास उजेड सहन होणार नाही, म्हणून सकाळची घेतली नाही, संध्याकाळची घेतली. जाताना पोरालाही घेऊन जाईन, त्याचाही नंबर तपासायचाय. सुट्टी लागल्यापासून मोबाइलवर "टाक बे, टाक" चाललेलं असतं. मैदानावर दिवसाकाठी दोनेक तास उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा नंबर लागायचं प्रमाण कमी असतं. सोलापूरच्या उन्हात दुपारी कोण सोडणार त्याला? म्हणून सकाळी सहाला उठवून पार्क मैदानावर पाठवायचं ठरलंय. आईने त्याला उठवायची जबाबदारी घेतलीय, मी नाही.