आधी कुठलं बटण?

गाणी ऐकायची नवी सिस्टीम बघायला लॅमिंग्टन रोडला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. दुकानातल्या मुलाने दोन्ही प्रकार शांतपणे ऐकवले. रिसीव्हर घेतला की रेडिओ पकडणारा ट्यूनर, आवाज कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प, स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प सगळं एकाच खोक्यात. नाहीतर वेगवेगळे डबे घ्यायचे, हळूहळू जमवायचे. माझं मन डब्यांकडेच होतं. बाबांची सिस्टीम तशीच आहे. एक बिघडला तर तेवढाच दुरुस्तीला जातो. रिसीव्हर गेला की घरच मुकं.

पण आईचं सकाळचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. मी बाबांच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. ती दारातूनच म्हणाली, "आधी कुठलं बटण दाबायचं गं?"

१४ महिने ती सिस्टीम बंदच. इतके दिवस मी समजत होते की तिला आता गाणी नकोशी झालीत. दादालाही फोनवर तेच सांगितलं, अगदी ठामपणे. आणि ती नुसती घाबरत होती! पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद, नाहीतर बाकीच्या डब्यांचा झटका त्यातून मोठा होऊन स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो. त्यावरून बाबा केवढे ओरडायचे. मलाही ओरडायचे, पण मला शिकवलं तरी. तिला मात्र...

आणि मी तरी कुठे विचारलं तिला?

ग्रँट रोडला गाडीत बसले तेव्हा डोळे भरून आले. सगळं माझ्याच गळ्यात का पडतं, दादाने एकदा तरी यावं. जाऊ दे, ते आज नको.

संध्याकाळी तिला शेजारी उभं केलं. आधी रेकॉर्ड प्लेयर, मग प्रीअ‍ॅम्प, थोडं थांबायचं, मग पॉवर अ‍ॅम्प. शेवटच्या खटक्यावर बोट ठेवून तिने श्वास रोखून धरला होता. टक्. डावा स्पीकर खरखरला. आवाजाचं बटण दोनदा मागेपुढे फिरवल्यावर मोकळा झाला. ती हसली आणि म्हणाली, "यावर विविध भारती लागतं का?"

नाही लागत. बाबांनी ट्यूनर कधी घेतलाच नाही. विविध भारती, १०२.८ एफएम, ती स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर ऐकायची, दार लोटून.

तर रिसीव्हरच. दोन स्पीकरांपुरता, दोन चॅनेलचा; सिनेमासाठीचा सहा स्पीकरांचा ५.१ नको, सिनेमे कोण बघतंय. मागे फोनोचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायचं सॉकेट मात्र हवंच. रेकॉर्डच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, ते वाढवायची सोय आतच नसेल तर परत वेगळा डबा आला. स्पीकर बाबांचेच राहतील, ८ ओहमचे आहेत, चालतील. वाईट वाटतंय, पण सकाळइतकं नाही. पॉवर अ‍ॅम्प विकणार नाही. कुठे ठेवायचा ते बघू.

जेवण झाल्यावर आई एकटीच त्या खोलीत गेली आहे. दोन खटके ऐकू आले. मी इथेच बसलेय, तिसऱ्याची वाट बघत.