काचेतलं पाणी

वाफेच्या इंजिनाच्या फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो त्या जागी, हँडलं, व्हॉल्व्ह आणि घड्याळं मिळून पंचवीसेक वस्तू असतात. पण ड्रायव्हर आणि कोळसा मारणारा फायरमन दोघांचीही नजर मिनिटामिनिटाला जाते ती गेज ग्लासकडे. अंगठ्याएवढ्या जाडीची ती उभी नळी, वरच्या टोकाला बॉयलरच्या वाफेशी आणि खालच्या टोकाला पाण्याशी जोडलेली असते. बॉयलरमध्ये पाणी जिथवर, तिथवर काचेत पाणी. अशा दोन काचा असतात, म्हणजे एक दगा देऊ लागली तर दुसरीवर पडताळा घेता येतो. मात्र दोन्ही काचा एकाच वेळी, एकाच कारणाने चुकीचं दाखवू शकतात. मे 1973 मध्ये दौंड-मनमाड सेक्शनवर सकाळच्या पॅसेंजरला ते घडलं. मी तेव्हा त्या इंजिनावर फायरमन होतो.

इंजिन डब्ल्यूजी. ब्रॉडगेजचं मालगाडीचं इंजिन हे, पण ब्रँच लायनीवर पॅसेंजरलाही सर्रास लागायचं. बॉयलरचं प्रेशर चौरस इंचाला 210 पौंड, मागे जोडलेल्या टेंडरमध्ये 5000 गॅलन पाणी आणि 18 टन कोळसा. दौंड साधारण 515 मीटर उंचीवर आहे आणि नगर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे दौंड सोडलं की काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर करत गाडी एकंदरीत चढतच जाते. लाईन तेव्हा एकेरी होती. मध्ये कुठे अडकलात तर दोन्ही बाजूंची वाहतूक अडकायची.

पाण्याला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. फायरबॉक्सचं, म्हणजे बॉयलरमधल्या भट्टीचं, छत म्हणजे क्राऊन शीट. त्याच्या खाली हजार अंशांच्या वरची आग, आणि वर पाणी. 210 पौंड प्रेशरला पाणी सुमारे 200 अंश सेल्सिअसला उकळतं. छतावर पाणी आहे तोवर पत्रा त्या 200 अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी उष्णता खेचून घेतं. पाणी उतरलं की तोच पत्रा काही मिनिटांत लाल होतो, नरम पडतो आणि वरच्या दाबाने खाली फाटतो. त्या वेळी बॉयलरमधलं उकळतं पाणी एका क्षणात वाफेसह बाहेर फुटतं आणि फूटप्लेटवरचं सहसा कोणी वाचत नाही. म्हणून छतात लेड प्लग बसवलेले असतात: पितळेचा बोल्ट, मधल्या भोकात शिसं. शिसं 327 अंशांना वितळतं. पाणी गेलं की आधी ते गळतं आणि वाफ आगीवर फुत्कारत सूचना देते. पण ही अगदी शेवटची सूचना. काम करायचं ते काचेकडे बघून.

त्या उन्हाळ्यात पाण्याचीच वानवा होती. बहात्तरचा पाऊस गेलेला. लायनीच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामं चाललेली, डोक्यावर फडकी घेतलेल्या बायका खडी फोडत बसलेल्या दिसायच्या. नद्यांचे नुसते डोह उरलेले, विहिरींचा तळ लागलेला, आणि त्यातूनच उपसलेलं पाणी वॉटर कॉलमच्या सोंडेतून टेंडरमध्ये पडायचं. रंगाने चहासारखं. यात दोष कोणाचाच नव्हता, माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं तिथे इंजिनासाठी निवळ कुठून आणणार? पण काळ्या मातीचा गाळ फार बारीक असतो. तो टेंडरच्या तळाशी साचतो आणि इंजिन हलेल तसा पुन्हा ढवळला जातो.

असं पाणी दोन प्रकारे त्रास देतं. पहिला, फेस. गाळ आणि क्षार वाढले की बॉयलरमधलं पाणी दूध उतू जावं तसं वर येतं. मग काचेत दिसतं ते पाणी नसतं, पाणी आणि फेस मिळून आलेली उंची असते. शिवाय हे पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, यालाच प्रायमिंग म्हणतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन आणि झाकण यांच्यामध्ये ते सापडलं की झाकण फुटतं. धुराड्यातून पांढरट पाण्याचे शिंतोडे उडायला लागले की सिलिंडर कॉक उघडायचे. पहिल्या डब्यातल्या प्रवाशांचे सदरे ठिपक्यांनी भरायचे ते यामुळेच. लोक समजायचे कोळसा उडाला.

दुसरा त्रास इंजेक्टरला. इंजेक्टर म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलायचं साधन, त्यात हलणारा पंप असा नसतोच. बॉयलरचीच वाफ एका निमुळत्या नळीतून जोरात सुटते, टेंडरच्या थंड पाण्याला भेटते आणि थिजून त्याच पाण्याला वेग देते. त्या वेगाच्या जोरावर पाणी क्लॅक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत येऊ न देणारी झडप, उचलून 210 पौंडांच्या बॉयलरमध्ये शिरतं. सगळा खेळ वाफ थिजण्यावर आहे. पाणी गरम असेल, कमी येत असेल, पाईपमध्ये हवा शिरत असेल किंवा क्लॅक मागे गळत असेल, तर वाफ थिजत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ व पाणी खाली रुळावर सांडतं. लागलेला इंजेक्टर कानाला कळतो. तो एका सुरात गुणगुणतो. सुटला की खरखरतो.

विसापूर सोडल्यावर माझ्या बाजूचा इंजेक्टर खरखरला. नेहमीचे उपाय केले: वाफ बंद, पाणी चालू ठेवून अंग गार होऊ दिलं, ओल्या चिंध्या गुंडाळल्या, पुन्हा वाफ. दोनदा लागला, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा ओव्हरफ्लोतून नुसती वाफ आली, पाण्याची धार करंगळीएवढी. म्हणजे पाणीच येत नव्हतं. टेंडर आणि इंजेक्टर यांच्यामधल्या पाईपवर जाळीचा डबा असतो, तो चोंदला होता. मग ड्रायव्हरच्या बाजूचा इंजेक्टर लावला. तो सात-आठ मिनिटं छान गायला आणि त्याचंही तेच झालं. दोघांना एकाच टेंडरचं पाणी, एकच गाळ.

अशा वेळी ओव्हरफ्लो बंद करून वाफ उलटी टेंडरकडे मारतात. जाळीवरचा गाळ मागे फेकला जातो आणि टेंडरमध्ये गुडगुड ऐकू येते. आम्ही दोन्ही बाजूंना मारली. पण हा उपाय दोन-तीनदाच करता येतो, कारण दरवेळी टेंडरचं पाणी तापतं आणि गरम पाणी इंजेक्टर उचलत नाही. मे महिन्यात उन्हाने ते आधीच कोमट झालेलं.

काचेत पाणी अर्ध्यावर दिसत होतं. नवख्या माणसाला अर्धी काच म्हणजे भरपूर वाटेल. ड्रायव्हरकाकांना वाटलं नाही. त्यांनी काच तपासायला सांगितली. वरचा आणि खालचा कॉक बंद करायचा, ड्रेन उघडायचा, मग वरचा उघडून वाफेचा झोत येतो का बघायचं, तो बंद करून खालचा उघडून पाण्याचा झोत बघायचा, शेवटी ड्रेन बंद करून दोन्ही उघडायचे. पाणी टणकन उडी मारून जागेवर आलं पाहिजे. हळूहळू चढलं तर वाट चोंदलेली आहे. आमचं पाणी उडी मारून आलं, म्हणजे काच ठीक होती. पण माथ्यावर फेसाची गढूळ पट्टी होती आणि ती थरथरत होती.

काका म्हणाले, "ब्लोअर उघड. रेग्युलेटर मिटतो. काच बघ."

ब्लोअर म्हणजे धुराड्यात वाफेचा झोत सोडून आगीला ओढ देणारा कॉक, आणि रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह. ब्लोअर आधी उघडायचा याला कारण आहे. रेग्युलेटर मिटला की सिलिंडरची वाफ धुराड्यातून जाणं थांबतं, आगीला ओढ राहत नाही आणि ज्वाळा दारातून फूटप्लेटवर येतात. मी ब्लोअर उघडला, त्यांनी रेग्युलेटर मिटला. अर्ध्या काचेवरचं पाणी डोळ्यांदेखत खाली बसलं. फेस जिरला आणि उरलं ते दोन बोटं. खरं पाणी तेवढंच होतं.

आणि तेही चढावरचं दोन बोटं. गेज ग्लास बॉयलरच्या मागच्या टोकाला, फायरबॉक्सच्या बाजूला असतो. धुराडं पुढे ठेवून इंजिन चढत असतं तेव्हा पाणी मागे येतं आणि काचेत जास्त दिसतं. हिशेब सोपा आहे: बॉयलर 25 फुटांचा धरला आणि चढ शंभरात एक, तर दोन टोकांत 3 इंचांचा फरक. माथा ओलांडून उतार लागला की पाणी पुढे धावतं आणि मागे, नेमकं छतावर, कमी होतं. चढावर दोन बोटं दिसणारी काच माथ्यावर रिकामी होणार होती. पुढच्या स्टेशनात जाऊन बघू, असं म्हणायची सोय नव्हती. काकांनी माथ्याच्या अलीकडे, चढावरच गाडी उभी केली. दिवसभरातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. चढावर उभ्या इंजिनात उरलेलं पाणी छतावरच राहतं.

उभं राहिल्यावर तीन कामं एकदम. पहिलं ब्रेक. व्हॅक्युम ब्रेक लावून गाडी उभी केली तरी तो कायम धरत नाही, सिलिंडरमध्ये हवा शिरत जाते आणि ब्रेक हळूहळू सुटतो. त्यात वाफ उतरत असताना चढावर उभं राहायचं. म्हणून टेंडरचा हँडब्रेक आवळला, गार्डने ब्रेकव्हॅनचा आवळला, मगच तो लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे पटाके घेऊन मागे निघाला.

दुसरं काम आग. पाणी काचेतून नाहीसं झालं आणि इंजेक्टर लागत नाही, तर आग पाडायची, हा नियम. पण आग पाडली की इंजिन मेलं, सेक्शन बंद, शेकडो माणसं उन्हात, आणि लायनीलगतचं वाळलेलं गवत पेटायची भीती. अजून काचेत दोन बोटं होती, म्हणून आग झाकली. डँपर, म्हणजे आगीखालची हवेची दारं, बंद, आणि सेकंड फायरमनने भिजवलेली कोळशाची चुरी फावड्याने सगळीकडे सारखी पसरली. कोपऱ्यांत आधी, कारण मागच्या कोपऱ्यांत आग जाड असते. ज्वाळा बसल्या, पिवळट धूर सुटला. ब्लोअर जेमतेम, धूर दारातून येणार नाही एवढाच. सेफ्टी व्हॉल्व्ह उडू द्यायचा नाही, त्यातून जाते ती वाफही आपलं पाणीच.

तिसरं काम जाळी. टेंडरचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली शिरून डब्याच्या झाकणाचा नट पान्याने सोडला. नट तापलेला, बोटांना चिंधी गुंडाळूनच धरावा लागत होता. झाकण निघालं तसा काळा गोळा ओघळला. हातात घेतला तर लोण्यासारखा मऊ, चिमटीत कण लागेना. त्यात शेवाळाचे धागे आणि एक बाभळीचं पान. जाळीची भोकं दिसतच नव्हती. खडीवर आपटून, तारेच्या ब्रशने घासून, बादलीभर पाण्यात खळबळून ती साफ केली. टेंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून पाईप धुतला. आधी काळं, मग चहाच्या रंगाचं पाणी आलं. जाळी बसवताना वॉशरकडे लक्ष द्यावं लागतं. तो तिरपा बसला तर हवा ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया.

वाफ तोवर 210 वरून 150 वर आली होती. कमी प्रेशरवरही इंजेक्टर चालतो, फक्त पाणी बेताने सोडावं लागतं. मी पाणी पाऊण उघडलं, वाफ हळू दिली. ओव्हरफ्लोतून धार, मग धार तुटक, मग बंद. इंजेक्टर गुणगुणायला लागला. काचेतलं पाणी हलायला बराच वेळ गेला. एक बोट चढलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा काचेवरची नजर काढली. दुसऱ्या बाजूची जाळीही तशीच साफ केली.

प्रवासी खाली उतरून डब्यांच्या सावलीत बसले होते. एक म्हातारे गृहस्थ इंजिनापाशी येऊन म्हणाले, "कोळसा संपला का?" पाणी, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि परत गेले. त्या वर्षी त्यावर कोणाला जास्त सांगावं लागत नव्हतं.

निघायची घाई करून उपयोग नव्हता. काच पाऊण होईपर्यंत थांबलो, कारण माथ्यावर ती उतरणारच होती. मग डँपर उघडले, प्रिकरच्या लांब सळीने आग मोकळी केली, चुरी पेटू दिली आणि कोळसा एकदम हातभर जाडीने न टाकता पातळ पातळ मारला. 180 पौंड झाल्यावर इजेक्टरने (हा इंजेक्टर नव्हे, ब्रेकच्या पाईपमधली हवा ओढणारं साधन) ब्रेक सुटायला लागणारा व्हॅक्युम तयार केला, हँडब्रेक सोडले. चढावर सुटताना चाकं घसरतात, म्हणून आधी वाळू, दिशेचा लिव्हर पूर्ण पुढे, रेग्युलेटर थोडा. रेग्युलेटर एकदम ओढला असता तर चाकं घसरलीच असती आणि पाणीही पुन्हा फेसाळून सिलिंडरमध्ये गेलं असतं. चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून वाफेचे चार ठोके पडतात. ते चारही सुटे सुटे ऐकू येत होते. एकूण 50 मिनिटं गेली.

माथ्यावर पाऊण काचेची अर्धी झाली. उतारावर अर्ध्याची पाव.

नगरला टेंडर रिकामं करून आतला गाळ फावड्याने काढला आणि बॉयलरचं पाणी ब्लो-ऑफ कॉकने थोडं थोडं सोडून नवं भरलं. लेड प्लगची तपासणी बुक केली. इंजिन दोन दिवसांनी वॉशआउटला, म्हणजे बॉयलर आतून धुवायला, गेलं, बॉयलर गार झाल्यावर प्लग काढले. छत उघडं पडलेलं असतं तर शिशाची कड गळून खाली थेंब लोंबतो. तसा थेंब एकाही प्लगला नव्हता. शिशाचं तोंड सपाट होतं, आणि पाण्याच्या बाजूने नखाएवढा जाड, राखाडी चुन्याचा थर चढला होता.