ब्लेंडबद्दलची अढी

लुईव्हिलला येऊन मला नऊ वर्षं झाली. केंटकीत बर्बनचा, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीचा, विषय टाळून राहताच येत नाही, त्यामुळे हळूहळू मलाही त्यात गोडी लागली. पण लेबलवर ‘ब्लेंड’ हा शब्द दिसला की मी बाटली परत फळीवर ठेवायचो. दुधात पाणी आणि मिऱ्यांत पपईच्या बिया बघत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. मिसळलेलं म्हटलं की मला भेसळच आठवायची.

गेल्या हिवाळ्यात एका स्वस्त बाटलीने ही अढी आणखी पक्की केली. लेबलवर ‘ब्लेंडेड बर्बन व्हिस्की’ असं लिहिलेलं होतं. जिभेच्या टोकाला गोडवा, घशात धग आणि मध्ये काहीच नाही. मग मी नियम वाचायला बसलो. अमेरिकन कायद्याप्रमाणे या नावाखाली निदान ५१ टक्के स्ट्रेट बर्बन, म्हणजे निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवलेली बर्बन, असावी लागते, उरलेल्या भागात न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे बिनचवीचं अल्कोहोल, चालतं. पण वेगवेगळ्या पिंपांतल्या आणि वेगवेगळ्या कृतींच्या स्ट्रेट बर्बन एकमेकींत मिसळणं ही गोष्टच निराळी. तिथे न्यूट्रल स्पिरिट घातलेलं नसतं. दोन्हींना एकाच शब्दाखाली मोडीत काढणं माझं चुकत होतं, म्हणून एकदा नीट बसून पारख करायचं ठरवलं.

त्यासाठी ‘फोर रोझेस’ घेतली, कारण लॉरेन्सबर्गच्या या डिस्टिलरीत मिसळण्याची तयारी मुळातच करून ठेवलेली असते. धान्याची मिश्रणं दोन: एकात ७५ टक्के मका आणि २० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), दुसऱ्यात ६० टक्के मका आणि ३५ टक्के राय, दोन्हींत ५ टक्के माल्टेड बार्ली, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. यीस्ट पाच प्रकारची. दोन पंचे दहा, म्हणजे दहा वेगळ्या बर्बन. त्यांच्या ‘स्मॉल बॅच’मध्ये या दहांपैकी चार असतात, दोन्ही धान्यमिश्रणं आणि दोन यीस्ट. एक यीस्ट फळांचा दाटपणा आणतं, दुसरं हलका मसाला. ‘सिंगल बॅरल’ मात्र एकाच कृतीची आणि एकाच पिंपातली, जास्त रायवाली. याच ब्रँडची बर्बन अमेरिकेत कित्येक दशकं मिळतच नव्हती. त्या नावाने इथे हलकी ब्लेंडेड व्हिस्की विकली जायची आणि खरी बर्बन जपान-युरोपला जायची. २००२ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने डिस्टिलरी घेतली आणि बर्बन घरी परतली. ब्लेंड शब्दाची इतकी बदनामी का झाली, हे मला त्यातून उमगलं.

स्मॉल बॅच ४५ टक्के अल्कोहोलची, सिंगल बॅरल ५० ची. अशी तुलना करणं अन्यायाचं होतं. म्हणून ४५ मिली सिंगल बॅरलमध्ये मोजून ५ मिली पाणी घातलं, की तीही ४५ वर आली. मग बायकोने तीन ग्लास भरले, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, आणि बुडाला चिकटपट्टी लावून खूण केली. वेगळा ग्लास कुठला, ते मी आधी ओळखायचं आणि मगच गुण द्यायचे.

पहिली संध्याकाळ वाया गेली. घरात नुकतीच आमटीला लसूण-हिंगाची फोडणी पडली होती आणि तिन्ही ग्लासांना तोच वास येत होता. तेव्हापासून मी शनिवारी सकाळी अकराला, स्वयंपाकाआधी बसतो.

ओतल्यावर दहा मिनिटं ग्लासला हात लावायचा नाही. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणायचा. नाक आत खुपसलं की अल्कोहोल चटका देतं आणि पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. पहिला घोट तोंडाला सवय व्हावी म्हणून, त्याला गुण नाहीत. दुसरा जिभेवर घोळवायचा. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी आणि कोरड्या फुलक्याचा तुकडा.

पहिल्या आणि तिसऱ्या ग्लासात मला सुकवलेला जर्दाळू सापडला, त्यामागे काकवी. दुसऱ्यात दालचिनी आणि लवंग आधी धावून आली आणि मग पिकलेलं पेअर. दुसरा वेगळा, असं मी लिहिलं. ते बरोबर निघालं. पुढच्या दोन शनिवारी एकदा ओळखलं, एकदा चुकलो.

वासाला मी सिंगल बॅरललाच जास्त गुण दिले, दहापैकी नऊ. तिचा वास सरळ आणि ठळक आहे. पण मला पारखायची होती ती तोंडातली मधली वाट, घोट जिभेवर आल्यापासून घशाखाली उतरेपर्यंतची. सिंगल बॅरल तिखटाने सुरू झाली आणि तिखटावरच संपली. स्मॉल बॅचमध्ये गोडवा ओसरायच्या आत फळ येतं, फळ मावळायच्या आत दालचिनी आणि सगळ्यात शेवटी ओकचा किंचित तुरटपणा. ड्रॉपरने तीन थेंब पाणी घातलं तरी ही ओळ तुटली नाही. चौघींमधला सांधा मला कुठेच लागला नाही. चवीला नऊ, समतोलाला नऊ.

त्या स्वस्त बाटलीच्या चवीत मध्येच जो खड्डा होता, तोच आता मी कुठल्याही ब्लेंडमध्ये सगळ्यात आधी शोधतो. तो सापडला, तर वास कितीही छान असो, सहाच्या वर गुण देत नाही.

एक काम दुसऱ्या दिवशीचं. ग्लास न धुता रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी पुन्हा हुंगायचे. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि पिंपाने दिलेलं तेवढं तळाशी राहतं. सिंगल बॅरलच्या ग्लासाला कोरड्या लाकडाचा वास होता. स्मॉल बॅचचा ग्लास मात्र मी बायकोच्या नाकाशी धरला आणि ती लगेच म्हणाली, “गुळाच्या ढेपेचं गोणपाट.” वहीत मी तेच लिहिलं.