दहा तासांचे साडेबारा: रात्रीच्या एका बसप्रवासाचा हिशेब

अंतर ५२० किलोमीटर. सुटायची वेळ रात्री ९:३०, पोहोचायची सकाळी ७:३०. बस मुक्कामी लागली ती १० वाजता. अडीच तासांचा हा उशीर एका जागी झालेला नाही. ४० मिनिटं शहरातल्या पिकअप पॉइंटांवर गेली, १५ डिझेल भरण्यात, २५ जेवणाच्या हॉल्टवर जादा गेली आणि ७० मिनिटं बस रस्त्याच्या कडेला बंद पडून होती. बिघाड सोडला तर बाकी सगळं आधीच धरून चालण्यासारखं होतं.

‘पुढे वेळ भरून काढू’ यावर विसंबू नका. ३०० किलोमीटर ताशी ७० ऐवजी ८० ने कापले तरी वाचतात फक्त ३२ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. अंतराला ५० ने भागा. येतील ते ढोबळमानाने खरे तास. वेळापत्रक त्याहून दोन तास कमी सांगत असेल तर ते सोडून द्या. पुढे ट्रेन किंवा विमान गाठायचं असेल, तर या तासांवर आणखी किमान तीन तास ठेवा.

तिकीट काढताना सर्वाधिक घोळ तारखेचा होतो. रात्री १२:३० ची १५ तारखेची बस म्हणजे १४ च्या रात्री घराबाहेर पडायचं. तिकिटावरची वेळ पहिल्या थांब्याची आहे की तुमच्या, तेही पाहा.

सीट निवडताना मात्र घाई करू नका, रात्र कशी जाणार ते इथेच ठरतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या रांगा सर्वांत शांत. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग लोंबता असतो, म्हणून प्रत्येक खड्ड्याला तो जास्त उसळतो. बऱ्याच मोठ्या बसचं इंजिनही मागेच असतं, अशा बसमध्ये शेवटच्या रांगेत गरमी आणि घरघर दोन्ही, शिवाय तिथली सीट पुष्कळदा मागे झुकत नाही. चाकावरच्या सीटला पाय ठेवायची जागा कमी मिळते. स्लीपरमध्ये वरचा बर्थ वळणावर जास्त झुलतो, गाडी लागणाऱ्यांनी खालचाच घ्यावा. झोपताना पाय बसच्या तोंडाकडे ठेवा, म्हणजे अचानक ब्रेक लागला तर डोकं आपटत नाही.

गाडी लागते कारण कान सांगतात हालचाल आहे आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात नाही. पुढे दूरवर बघा, वाचन टाळा. डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पिशव्या दोन ठेवा, एकात एक घालून.

वळणावर एसीच्या झडपेतून पाणी टपकलं तर बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. झडप बंद करून ते थांबत नाही. क्लीनरला सांगून जागा बदलून घ्या आणि चार्जर तिथून आधी हलवा. सीटजवळचा सॉकेट चालेलच असं नाही. पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० मिळतात, म्हणजे ५,००० च्या फोनला एक पूर्ण चार्ज आणि वर थोडं.

लघवीची भीती धरून पाणी बंद करणं चूक. घोट घोट प्या आणि गरज वाटो न वाटो, प्रत्येक हॉल्टवर जाऊन या. उतरताना नंबर प्लेटचा फोटो काढा. रात्री एकाच रंगाच्या पाच बस ओळीने उभ्या असतात. किती वाजता निघणार हे ड्रायव्हरलाच विचारा. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलं आहे. मुळात धोका लहानच, तरी हॉल्टवर चाला आणि बसल्या जागी घोटे वर-खाली करत राहा.

आता ती ७० मिनिटं. इंजिन चालू, तरी बस जागची हलेना. कारण हवेची गळती. मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि पार्किंग ब्रेकची स्प्रिंग हवेच्याच दाबाने मागे धरलेली असते. दाब घसरला की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम होतात. ही सुरक्षेची सोय आहे, म्हणून ‘तशीच न्या ना’ असा आग्रह धरू नका. नळी बदलली की टाकी भरायला काही मिनिटंच लागतात. पंक्चरचंही तसंच, जॅक आणि स्टेपनी असेल तर पाऊण तासात काम होतं. क्लच, गिअरबॉक्स किंवा तापलेलं इंजिन असेल तर थांबण्यात अर्थ नाही. तेव्हा विचारा: काय बिघडलं, दुसरी बस निघाली का, कुठून? तिसऱ्याचं नेमकं उत्तर मिळेना, तर आपली सोय आपण बघायला लागा. एसी बंद पडून हवा कोंदट झाली तर छतावरची झडप उघडायला सांगा. खाली उतरलात तर बसच्या मागे किंवा पुढे उभे राहू नका, मागून धडक बसली तर बस पुढे ढकलली जाते. रस्त्याच्या कठड्यापलीकडे जा.

पहाटे उतरायचं असेल तर वेळेचा नाही, अंतराचा गजर लावा: थांबा २० किलोमीटरवर आला की वाजेल असा. डिकीतली बॅग घेताना चेन आणि टॅग तिथेच तपासा, बस निघण्याआधी.